पणजोबांचं दिवाळं आणि मुलांचा हिस्सा : १९११ची नादारी, १८८३चा निकाल की १९२४चा?

चिंचोका

साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. वर कसर लागलेली गोधडी, तिच्याखाली लाल फडक्यात बांधलेलं दप्तर. आजी असती तर उघडू दिलं नसतं. तिच्या भाषेत ते ‘नादारीचं बोचकं’ (नादारी म्हणजे दिवाळखोरी), आणि त्याला सणासुदीला हात लावायचा नाही असा दंडक होता.

पणजोबांची खानदेशात कापसाची आडत होती. घरात ऐकलेली गोष्ट एवढीच : धंदा बसला, दिवाळं निघालं, कोर्टानं रिसीव्हर (दिवाळखोराची मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस) नेमला आणि त्या रिसीव्हरनं राहता वाडा आणि विहिरीखालची साडेसात एकर जमीन विकली. वाडा पणजोबांच्या वडिलांनी बांधलेला, म्हणजे वडिलोपार्जित. माझे आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे, त्यांचा धाकटा भाऊ तीनचा. ‘बापाचं दिवाळं निघालं, आमचं नव्हतं निघालं. आमचा हिस्सा कुणाला विचारून विकला?’ हे आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे. जेवताना सुद्धा.

दप्तरात सापडलं ते असं : १९११चा नादारीचा हुकूम (इंग्रजी, टाइप केलेला), धनकोंची यादी (बाळबोध), १९१३चं खरेदीखत (मोडी, मला वाचता येत नाही) आणि एक छोटी यादी, ‘जप्तीतून वगळलेला माल’. ही शेवटची वाचून मी जरा वेळ तसाच बसलो. तांब्याची घागर १, पितळी परात १, तवा, काथवट, पांघरुणे ४, बायकोच्या गळ्यातील डोरले.

थोडं वाचन केलं तर दोन निकाल हाती लागले आणि दोन्ही उलट दिशेला तोंड करून उभे. मुंबई हायकोर्ट, १८८३, फकीरचंद मोतीचंद वि. मोतीचंद हरखचंद. आणि प्रिव्ही कौन्सिल (लंडनमधलं, तेव्हाचं सर्वांत वरचं अपील कोर्ट), १९२४, सत नारायण वि. बिहारी लाल. पहिला म्हणतो मुलांचा हिस्साही धनकोंच्या हाती लागतो, दुसरा म्हणतो नाही. मग १९१३ साली जे झालं ते कायदेशीर होतं का? आजोबा बरोबर होते का?

जमीन परत मिळवायची वगैरे काही नाही, तिथे आता एसटीचं स्टँड आहे. फक्त कळून घ्यायचंय.

---

पडवी

दिवाळीच्या सफाईत दिवाळं सापडलं! पुढचा भाग टाका लवकर.

बाकी, व्यापारी बुडाला की भर दिवसा दुकानात दिवा लावून बसायचा आणि त्यावरून दिवाळं हा शब्द आला असं आमचे मास्तर सांगायचे. खरं-खोटं माहीत नाही.

---

बोरीबंदर

चिंचोकाभाऊ, तुमचे आजोबा अर्धे बरोबर होते. सवडीनं लिहितो, कारण या एका मुद्द्यावर हायकोर्टांनी साठ-सत्तर वर्षं डोकं फोडलंय.

आधी मुळाशी जाऊ. आपल्याकडे हिंदू वारसाहक्काची मिताक्षरा परंपरा. मुलगा जन्मला की त्या क्षणी वडिलोपार्जित मिळकतीत त्याचा हिस्सा तयार होतो, बाप मरायची वाट बघावी लागत नाही. (बंगालात दायभाग. तिथे बाप जिवंत असेपर्यंत मुलाला काही नाही, म्हणून ही भानगडच नाही.) पण त्याच धर्मशास्त्रानं मुलाच्या गळ्यात दुसरी एक दोरी अडकवलीय : बापाचं ऋण फेडणं हे पुत्राचं कर्तव्य. या कर्तव्याचा आधार घेऊन कोर्टांनी बापाला एक जबरदस्त अधिकार देऊन टाकला. आधीपासून असलेलं स्वतःचं कर्ज फेडायला बाप मुलाचा हिस्सासुद्धा विकू शकतो. घरासाठी काढलेलं कर्ज नसलं तरी चालेल. फक्त ते अनैतिक कामासाठी काढलेलं नको. १९२३ साली ब्रिज नारायणच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं हे सगळं कलमवार मांडलं, पण त्याआधी पन्नास वर्षं हेच चालू होतं.

आता नीट बघा. मुलाचा हिस्सा बापाच्या मालकीचा आहे का? नाही. तो विकायचा अधिकार बापाकडे आहे का? आहे. तुमचा अख्खा प्रश्न या फटीत बसलाय.

बापाचं दिवाळं निघालं की त्याची मालमत्ता आपोआप असायनीकडे, म्हणजे धनकोंसाठी मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे (मुंबई, कलकत्ता, मद्रास शहरांत) किंवा कोर्टाकडे आणि रिसीव्हरकडे (बाकी मुलखात) जाते. मालमत्ता जाते हे ठीक. अधिकारही जातो का?

१८८३ साली मुंबई हायकोर्टापुढे हेच आलं. तेव्हा लागू होता १८४८चा विलायती नादारी कायदा. नावं वाचलीत तर कळेल, वादीच्या नावात मधलं नाव प्रतिवादीचं आहे. म्हणजे घरातलाच मामला. कोर्टानं म्हटलं, बापाला जे विकता येत होतं ते असायनीलाही विकता येतं, मुलाच्या हिश्शासकट. धनकोंच्या दृष्टीनं सोपं आणि सुटसुटीत. मुंबई इलाख्यात पुढं हाच धडा गिरवला गेला. तुमचा रिसीव्हर १९१३ साली जे करत होता ते त्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या कायद्यानुसार होतं. त्याला चोर म्हणता येणार नाही.

मग १९२४. लाहोर हायकोर्टावरून गेलेलं अपील. यात १९०९चा इलाखा शहरांचा नादारी कायदा होता. प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, थांबा. बापाचं दिवाळं निघाल्यानं एकत्र कुटुंबाची मिळकत असायनीच्या मालकीची होत नाही. त्या कायद्याच्या ५२व्या कलमात नादाराचे अधिकार वापरायची मुभा असायनीला आहे, तिच्यामार्फत ती मिळकत कर्जफेडीला लावता येईल कदाचित, ती गोष्ट वेगळी. मालकी जात नाही.

ऐकायला शब्दांचा कीस काढल्यासारखं वाटतं, पण फरक मोठा आहे. मालकीच गेली असेल तर हुकमाच्या दिवशी खेळ संपला. फक्त अधिकार गेला असेल तर तो वापरला जाईपर्यंत मुलगा हलू शकतो. वाटणीचा दावा लावू शकतो. एकदा वाटणी झाली की बापाचा तो अधिकार संपतो आणि बापाचा संपला की रिसीव्हरचाही. नंतर धनकोंना मुलांवर सरळ दावा करून, कर्ज शाबीत करून यावं लागतं.

---

चिंचोका

धन्यवाद साहेब. म्हणजे आजोबांच्या वतीनं कुणीतरी १९११ ते १९१३ या दोन वर्षांत वाटणीचा दावा लावायला हवा होता?

---

बोरीबंदर

हो. पण लावणार कोण? नऊ वर्षांच्या पोराच्या वतीनं आई, मामा, चुलता असं कुणीतरी. आणि १८८३चा निकाल डोक्यावर असताना तालुक्याच्या वकिलानं ‘काही होणार नाही बाई’ असंच सांगितलं असतं.

बरं, त्यात सुद्धा मेख आहे. दिवाळ्याच्या तोंडावर केलेल्या वाटण्यांकडे कोर्ट संशयानंच बघायचं. नादारीच्या आधी दोन वर्षांच्या आत मोबदल्याशिवाय केलेली हस्तांतरणं रद्द होऊ शकायची, एका धनकोला झुकतं माप दिलं असेल तर तीन महिन्यांची तपासणी. ‘आम्ही भाऊ तर कधीचे वेगळे झालोय’ हे वाक्य त्या काळच्या निकालांत इतक्यांदा येतं की हसू येतं.

---

निवृत्त नाझर

नमस्कार मंडळी. पस्तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढली, त्यातली अकरा नाझर (जप्ती-वसुली बघणारा कोर्टाचा अधिकारी) म्हणून. कायद्याचं बोरीबंदर साहेबांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

कोर्टाचा लिलाव आणि रिसीव्हरची विक्री यांत घोटाळा करू नका. दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) लिलाव होतो तेव्हा बेलीफ जातो, ढोल वाजवून पुकारा होतो, नोटीस मिळकतीवर डकवतात. बोली संपली की तिथल्या तिथे पंचवीस टक्के भरायचे, उरलेले पंधरा दिवसांत. शेवटी खरेदीदाराच्या हाती येतं ते कोर्टाचं सेल सर्टिफिकेट. रिसीव्हर मात्र स्वतः खरेदीखत करून देतो आणि ते नोंदवावं लागतं. तुमच्याकडे खरेदीखत आहे म्हणताय, म्हणजे रिसीव्हरची विक्री. मग त्या खतात एक ओळ शोधा. ‘नादार इसमाचा हक्क, अधिकार व हितसंबंध’ एवढंच लिहिलंय, की आणखी काही?

जुने वकील या ओळीवर आयुष्य काढायचे. बापाचाच हिस्सा विकला की सगळ्या घराचा, हे त्यावरून आणि किमतीवरून ठरवायचे. वाडा तीन हजाराचा आणि विकला आठशेला, तर खरेदीदारानं मुलांचा हिस्सा घेतलाच नव्हता असं म्हणायला जागा. पुऱ्या किमतीला घेतला असेल तर त्यानं सगळं घेतलं. १८८५च्या नानोमी बबुआसिनच्या निकालात प्रिव्ही कौन्सिलनं हेच म्हटलं होतं, दोन्ही बाजूंनी काय विकतोय आणि काय घेतोय असं समजून सौदा केला ते बघा.

डोरल्याचं म्हणाल तर ती मेहेरबानी नव्हती. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६०वं कलम. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मानं बाईला अंगावरून काढता येत नाही असा दागिना, याला हात लावायचा नाही. आमच्या वेळी एका नवीन बेलीफानं परात उचलून आणली होती. परत पाठवली, वर बोलणी खाल्ली.

---

गोदातीर

‘अनैतिक कर्ज’ असं सगळे पटकन म्हणून जातात म्हणून लिहितो. याज्ञवल्क्याचा श्लोक असा आहे :

सुराकामद्यूतकृतं दण्डशुल्कावशिष्टकम् ।
वृथादानं तथैवेह पुत्रो दद्यान्न पैतृकम् ॥

दारू, बाई, जुगार यांसाठी केलेलं कर्ज, दंडाची किंवा शुल्काची बाकी, उगाच कबूल केलेलं दान, हे बापाचं असलं तरी मुलानं देऊ नये. दुसऱ्या एका स्मृतीत याला शेपूट जोडलंय, ‘यच्च न व्यावहारिकम्’. जे व्यावहारिक नाही तेही. या एका शब्दानं हायकोर्टांना घाम फोडला. व्यावहारिक म्हणजे काय?

आपल्या मुंबई हायकोर्टाचा १९०८चा निकाल आहे, दरबार खाचर वि. खाचर हरसूर. बापानं बांध घातला, दुसऱ्याचं पाणी अडलं, नुकसानभरपाईचा हुकूमनामा झाला. तो मुलाकडून वसूल करायचा का? कोर्ट म्हणालं, नाही. सभ्य आणि प्रतिष्ठित माणसानं जे कर्ज ओढवून घ्यायला नको होतं ते अव्यावहारिक. पुढं बाकीच्या हायकोर्टांना ही व्याख्या फार सैल वाटली आणि त्यांनी ती आवळली. मला मात्र ती आवडते. शेजाऱ्याचं पाणी तोडणं हे कुठल्याच गावात सभ्यपणाचं नाही.

आता चिंचोका, एक आगाऊ प्रश्न. कापसाची आडत म्हणालात. आडतीत बुडाले, की सट्ट्यात?

---

चिंचोका

...

हे विचारायला नको होतं असं म्हणत नाही. घरात कुणी उघड बोलत नसे. पण आत्या एकदा म्हणाली होती की पणजोबा ‘मुंबईच्या तारेची वाट बघत ओट्यावर बसायचे’. लहानपणी मला वाटायचं कुणा नातेवाइकाची तार.

---

पडवी

म्हणजे वायदा. भाव वर की खाली. गेला वाडा.

---

बोरीबंदर

गोदातीर, नेम अचूक लागला. हीच त्या मुलाची सगळ्यात मजबूत बाजू झाली असती. १९२४च्या निकालाची वाट बघायचीही गरज नव्हती. १८८३च्या निकालातसुद्धा ही पळवाट शाबूत होतीच : कर्ज अनैतिक असेल तर मुलाचा हिस्सा सुटतो. जुगार तर श्लोकातच आहे.

शिवाय मुंबई इलाख्यात पैजांविरुद्ध १८६५चा खास कायदा होता. इतर प्रांतांत पैजेचा करार तेवढा निरर्थक, आपल्याकडे त्या पैजेच्या पोटात केलेले व्यवहारही निरर्थक. फक्त प्रत्येक वायदा म्हणजे पैज नव्हे. माल द्यायचा-घ्यायचा इरादा दोघांपैकी कुणाचाच नव्हता, नुसता फरक चुकवायचा होता, हे दाखवावं लागतं. आडत्याचं त्यात नेहमी बरं असतं, तो म्हणतो मला काय माहीत गिऱ्हाइकाच्या मनात काय होतं.

आणि पुराव्याचा बोजा कुणावर? मुलावर. तिऱ्हाइतानं विकत घेतलं असेल तर मुलानं दोन गोष्टी शाबीत करायच्या : कर्ज वाईट कामाचं होतं, आणि खरेदीदाराला ते ठाऊक होतं. १८७९च्या सूरजबन्सी कुंवरच्या खटल्यापासून हे पक्कं आहे.

मनात चित्र उभं करा. विशी-बाविशीचा पोरगा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा. समोर गावातले अर्धे लोक. त्यानं शपथेवर सांगायचं की माझा बाप जुगारी होता आणि अख्ख्या गावाला ते माहीत होतं. बाप बहुधा मागच्या बाकावर बसलेला.

---

चिंचोका

मुदत होती का पण? आजोबा १९२० साली अठरा वर्षांचे झाले असतील.

---

बोरीबंदर

होती. बापानं विकलेली वडिलोपार्जित मिळकत परत मागायला १९०८च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षं, खरेदीदाराला ताबा मिळाल्यापासून. रिसीव्हरनं विकलेली मिळकत त्या कलमात बसते का यावर वाद घालता येईल, पण ताब्याच्या सर्वसाधारण दाव्यालाही बाराच. ताबा १९१३त गेला असेल तर १९२५पर्यंत. म्हणजे सत नारायणचा निकाल आला तेव्हा दार अजून थोडं किलकिलं होतं. खानदेशातल्या बावीस वर्षांच्या पोराला लंडनमधल्या निकालाची बातमी त्या काही महिन्यांत लागली असती का, ते तुम्हीच ठरवा.

---

कोकणकडा

मधेच घुसतो. आमच्याकडे उलटा प्रकार. दिवाळं बापाचं नाही, वारसाचं. चुलत आजोबांवर नादारी होती आणि त्यांची एक निपुत्रिक काकू होती, तिच्या नवऱ्याची बाग तिच्याकडे हयातभरासाठी. ती गेली की बाग यांना येणार हे सगळ्या आळीला माहीत. सावकारांनी त्या बागेवर डोळा ठेवला होता म्हणे. हे चालत होतं का?

---

बोरीबंदर

काकू जिवंत असेपर्यंत नाही. संपत्ती हस्तांतरण कायदा १८८२, कलम ६ : वारस होण्याची नुसती आशा विकता येत नाही. १९१७ साली अमृत नारायण सिंग वि. गया सिंगमध्ये प्रिव्ही कौन्सिलनं तर साफ म्हटलं की विधवेच्या हयातीत पुढच्या वारसाकडे आजच्या घडीला हक्क म्हणून काहीच नसतं, त्यामुळे सोडून द्यायलाही काही नसतं आणि विकायलाही. जे नाहीच ते रिसीव्हर काय घेणार?

पण तिच्या मरणाची तारीख बघा. नादार जाहीर झाल्यापासून कोर्टानं त्याला मोकळं करेपर्यंतच्या काळात जे काही वारशानं आलं ते रिसीव्हरकडे. शहरांबाहेरच्या मुलखासाठीच्या १९२०च्या नादारी कायद्यात २८व्या कलमात स्पष्ट आहे. म्हणजे काकू मुक्तीच्या हुकमाच्या आदल्या दिवशी गेली तर बाग सावकारांची, दुसऱ्या दिवशी गेली तर पुतण्याची.

---

कोकणकडा

हात्तिच्या. म्हणून घरात म्हणायचे की आजोबांनी काकूची कधी नव्हे इतकी सेवा केली! पेज, काढा, रात्री पाय चेपणं. आम्हाला वाटायचं माया.

---

जर्सीकर सून

इथे अमेरिकेत अजून असंच आहे, फक्त दिवस मोजलेले. दिवाळखोरीचा अर्ज केल्यापासून १८० दिवसांत कुणी वारलं आणि वारसा आला तर तो धनकोंच्या पोतडीत. १८१व्या दिवशी आला तर तुमचा. माझ्या ऑफिसात एकीला वकिलानं अर्ज करायच्या आधी पहिला प्रश्न विचारला होता, घरात कुणी आजारी आहे का? तिला आधी वाटलं चौकशी करतोय.

---

पडवी

सगळ्या निकालांत शेवटी सावकारच जिंकतो असं दिसतंय. इंग्रजांना कायद्याचं राज्य हवं होतं म्हणजे सावकाराची वसुली हवी होती. १८७५ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली ती काय उगाच?

---

निवृत्त नाझर

पडवी, तसं सरळसोट नाही हो. त्या दंग्यानंतरच १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला आणि शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंगात टाकणं बंद झालं. इतरांना मात्र दिवाणी तुरुंग होता. गंमत म्हणजे कैद्याच्या जेवणाचा भत्ता सावकारानंच भरायचा. भत्ता थकला की कैदी सुटला. बरेच सावकार महिन्याभरात कंटाळायचे.

आणि मुंबई इलाख्यानं वारसांना वाचवणारा कायदा तर १८६६लाच केला होता. त्याआधी बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर जातीनिशी यायचं, वारशात फुटकी कवडी मिळाली नसली तरी. त्या कायद्यानं म्हटलं, मिळालं तेवढ्यापुरतंच द्या. त्यात आणखी एक कलम होतं : विधवेशी लग्न करणाऱ्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज लादायचं नाही. म्हणजे लादत होते, तेव्हाच कायदा करावा लागला ना? पुनर्विवाहाला धजणाऱ्या माणसाला त्या काळी जातीबाहेर टाकायचेच, वर मेलेल्याची देणीही.

---

चिंचोका

पडवींच्या मुद्द्यावर. काल रात्री धनकोंची यादी नीट वाचली. तेवीस नावं. पहिली चार मोठी, पेढ्यांची. पण खाली खाली गेलं की : गाडीवान, भाडे बाकी, रु. ११. सरकी टाकणारा, रु. १९. एक बाई, नुसतं पाळण्यातलं नाव आणि ‘ठेव, रु. ४०’. हमाल तिघे मिळून रु. ६॥.

आजोबांचं वाक्य ऐकत लहानाचा मोठा झालो. त्यात ही माणसं कधी नव्हती. वाड्यातला मुलांचा हिस्सा सुटला असता तर या ठेववाल्या बाईला चाळिसातले किती मिळाले असते?

---

गोदातीर

म्हणूनच ‘पुत्रपौत्रैर्ऋणं देयम्’ हे शास्त्रकारांनी सावकारासाठी लिहिलेलं नव्हतं असं मला वाटतं. नातवापर्यंत खेचलंय त्यांनी. श्लोकाचा अर्धाच भाग वापरला की तो वसुलीचं हत्यार होतो.

---

तिसरी घंटा

आज काय परिस्थिती? आमच्या सोसायटीत एकाचं दुकान बुडालंय, मुलं कॉलेजात. विचारतायत.

---

बोरीबंदर

ते पुत्रकर्तव्य २००५ साली गेलं. हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ बदललं तेव्हा मुलींना जन्मानं हिस्सा मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच कलमात चौथं पोटकलम आहे, त्याकडे कुणी बघत नाही : ९ सप्टेंबर २००५नंतरच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलावर, नातवावर, पणतूवर कोर्ट वसुली लादणार नाही. त्या आधीच्या कर्जांना जुनंच.

मुलांनी जामीन म्हणून सही केली असेल तर ती वेगळी गोष्ट. ते आधी विचारा.

आणि विनोद बघा. २०१६ची नवी दिवाळखोरी संहिता आली, तिच्यात १९०९ आणि १९२० दोन्ही कायदे रद्द करायचं कलम आहे, पण ते लागूच केलेलं नाही. कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरती नवी व्यवस्था १ डिसेंबर २०१९पासून आली. साध्या माणसाचं दिवाळं अजून शंभर वर्षांच्या कायद्यानंच निघतं.

राहिलेला एक दुवा. १९२४च्या निकालात आधार होता ५२व्या कलमाचा, तो शहरांच्या कायद्यातला. मोफसिलच्या, म्हणजे शहरांबाहेरच्या, १९२०च्या कायद्यात तसं कलमच नव्हतं. त्यामुळे गावाकडच्या रिसीव्हरला बापाचा अधिकार मिळतो की नाही यावर हायकोर्टांत दोन तट पडले. शेवटी १९४८ साली २८-अ कलम घातलं : अधिकार जातो, आणि तो पहिल्यापासून जात होता असंच समजायचं. मागल्या तारखेनं.

---

चिंचोका

म्हणजे १९४८ला आजोबा सेहेचाळीस वर्षांचे असताना सरकारनं त्यांना मागच्या दारानं सांगितलं की रिसीव्हर बरोबरच होता!

---

बोरीबंदर

तुमची विक्री त्याआधीच्या १९०७च्या कायद्याखालची, त्यामुळे थेट नाही. पण सूर तोच.

---

चिंचोका

मोडी वाचणारे एक काका सापडले, शनिवारी दोन तास बसलो. नाझरकाका, तुमची ओळ सापडली. काकांनी बाळबोधीत उतरवून दिलेलं जसंच्या तसं :

‘...सदरहू नादार इसमाचा व त्याचे अज्ञान मुलगे यांचा हक्क, अधिकार व हितसंबंध...’

म्हणजे नाव घेऊन विकलंय. किंमत २,७५०.

आणि शेवटी रिसीव्हरच्या सहीखाली : ‘अज्ञान मुलांतर्फे अ. पा. क. आई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ (अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ती). शेजारी अंगठा. जांभळट शाई, रेषा अजून मोजता येतात.

ही पणजी. आजी हिच्याच हाताखाली नांदली.

---

निवृत्त नाझर

२,७५० म्हणजे पडेल भाव वाटत नाही. खरेदीदाराच्या वकिलानं पक्कं काम करून घेतलंय. आईचा अंगठा नसता तरी रिसीव्हरला विकता आलं असतं, पण पुढं पोरगा दावा घेऊन आला तर दाखवायला कागद हवा म्हणून घेतला असणार.

---

बोरीबंदर

सहमत. आईच्या अंगठ्यानं मुलाचा हक्क काही जात नाही, जुगाराचा मुद्दा शिल्लक राहिलाच असता. पण उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच आला असता, ‘हा अंगठा कुणाचा?’

---

गोदातीर

आजोबांना माहीत होतं का हो, अंगठा आईचा आहे ते?

---

चिंचोका

बोचकं आजीनं बांधलं होतं. ‘गाठ तिची आहे, ओळखते मी...’ आमची आई म्हणाली, आत्ता शेजारी बसून वाचतेय. गाठ दुहेरी मारायची म्हणे आजी, सुटू नये म्हणून.

नाझरकाका, शेवटच्या पानाचा फोटो टाकतो. चतुःसीमेत पूर्वेला नाला, दक्षिणेला गाडीवाट, पश्चिमेला महारवतनाची जमीन, एवढं लागलं. उत्तरेकडची ओळ घडीवर आलीय, मोडीवाल्या काकांनाही वाचता आली नाही. ‘...यांची पांढरी’ असं काहीतरी आहे. तुम्हाला लागतंय का बघा.